उसन्या मैदानांची कबड्डी

रायगडातल्या पेणच्या खारेपाटात कबड्डी रुजली ती कुणी मैदान बांधून दिले म्हणून नव्हे, भाताची खाचरे रिकामी राहत होती म्हणून. वढाव, दादर, रावे या पट्ट्यातली जमीन बांध घालून खाडीकडून मिळवलेली. पावसाच्या गोड्या पाण्याने मीठ धुतले गेले की तिथे भाताचे एक पीक निघते आणि झोडणी उरकल्यावर ती पुढच्या पावसापर्यंत मोकळी पडते. सपाट, चिकण मातीची, चहूबाजूंनी बांध असलेली ही जागा पोरांना आयती मिळाली. ढेकळे फोडायची, पाणी मारायचे, चोपणीने चोपायचे, चुन्याच्या रेघा ओढायच्या, एवढ्यावर खेळ सुरू होई. शेतकऱ्याने हरकत घेतली नाही, कारण जूनमध्ये त्याच जागेवर नांगर फिरणार होता. खेळाडू तयार झाले तेही असेच: थोरल्या भावाने धाकट्याला, काकाने पुतण्याला पकड शिकवली. मैदान उसने, शिक्षकही उसना. या दोन उसनवाऱ्यांवर इथल्या खेळाचा इतिहास उभा आहे, आणि आज या दोन्ही संपत आल्या आहेत, हे आपण अजून नीट ओळखलेले नाही.

नियमांच्या बाबतीत मात्र या खेळाला वेळीच आकार मिळाला. हुतुतूचे, म्हणजे जुन्या कबड्डीचे, संजीवनी, गामिनी, अमर असे प्रकार होते. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा घेतली, १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले, १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी तर आयुष्यच या खेळाला दिले. त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्र कबड्डी दिन म्हणून पाळतो. संघटनेची ही साखळी जिल्ह्यापर्यंत आणि गावच्या मंडळापर्यंत पोचली, पण तिने नियम, पंच आणि वयोगट आणले, जमीन आणली नाही. शिकवणीचे म्हणाल तर, मुंबईच्या गिरणगावातली मंडळे आणि व्यायामशाळा कोकणातल्या चाकरमान्यांनी गजबजलेल्या असत. शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी आलेला गडी मुंबईतले डावपेच सोबत आणत असणार, असे मानायला जागा आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या बसल्या आणि शिकवणीचा तो न दिसणारा ओघही आटला असावा.

जमिनीचे बदल तालुक्यागणिक वेगळे. रोह्याकडे भिऱ्याच्या वीजगृहातून, म्हणजे टाटांच्या १९२७ च्या प्रकल्पातून, सुटलेले पाणी कुंडलिकेत येते आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी शेतात जाते. त्यामुळे तिथे उन्हाळी भात होते. शेतकऱ्याचे भले झाले. खेळासाठी मोकळी राहणारी खाचरे तेवढी कमी झाली. मग धाटावची औद्योगिक वसाहत, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना, पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना आला. महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमिनी देण्यास पेणच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा सप्टेंबर २००८ मध्ये बावीस गावांत सार्वमत घ्यावे लागले. सेझ झाला नाही, पण जमिनीचा भाव सगळ्यांना कळला. भराव पडला, कुंपण आले. यात खेळावर अन्याय झाला असे म्हणताही येत नाही, कारण सातबाऱ्यावर कबड्डीचे नाव कधीच नव्हते.

यावर कुणी म्हणेल की खेळ तर जोरात आहे. गावोगाव प्रकाशझोतात स्पर्धा होतात, चषक आणि रोख बक्षिसे लागतात. स्पर्धा होतात हे खरे, आणि त्यांनीच इथे खेळाची माया टिकवली. पण त्या बहुधा बाद पद्धतीच्या असतात. दुबळा संघ एक सामना खेळून घरी जातो, आणि ज्याला खेळण्याची सर्वांत जास्त गरज त्यालाच सर्वांत कमी खेळायला मिळते. दुसरे, राष्ट्रीय पातळीवरचा खेळ आता मॅटवर, बूट घालून होतो. मातीत अनवाणी पायाने घेतलेला आधार, घोट्याची पकड, निसटताना मारलेली उडी मॅटवर नव्याने बसवावी लागते. गावच्या मुलाची मॅटशी पहिली गाठ निवड चाचणीतच पडत असेल तर ती परीक्षा त्याच्या गुणांची होत नाही. माती टिकावी असे मलाही वाटते, पण मातीचा अभिमान हे मॅट न देण्याचे कारण होऊ शकत नाही. शिवाय या भागात चार महिने धो धो पाऊस. मातीचे मैदान तेवढा काळ बंदच असते, आणि किशोर गटात खेळणाऱ्या मुलाच्या हाती मुळात थोडीच वर्षे असतात. मुलींची अडचण आणखी मोठी: अंधार पडल्यावर गावाबाहेरच्या खाचरात सरावाला त्यांना कोण पाठवेल?

प्रशिक्षकाचे मोल काय, हे २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दिसले. भारताच्या पुरुषांना इराणने उपांत्य फेरीत हरवले, महिलांना अंतिम फेरीत. इराणच्या त्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. ज्ञान आपल्याकडचे होते. त्याला पद आणि रोजचा सराव दुसऱ्या देशाने दिला. गावातले जुने खेळाडू फुकट शिकवतातच, मग पगारी माणूस कशाला, हा आक्षेप त्या खेळाडूंवरच अन्याय करतो. कारखान्यात पाळी करून आलेला माणूस जमेल तेव्हा शिकवतो. दुखावलेल्या गुडघ्याचे काय करायचे, वाढत्या मुलाचे वजन कसे सांभाळायचे, हे त्याला कुणी शिकवलेले नसते. त्याला प्रशिक्षण द्यावे आणि मानधनही.

पैसा कुठून, हा प्रश्न उरतो. इंग्लंडमध्ये २००० साली फुटबॉल फाउंडेशन उभे राहिले. तिथे प्रीमियर लीग, फुटबॉल संघटना आणि सरकार मिळून तळातल्या मैदानांसाठी पैसा देतात. आपल्याकडे प्रो कबड्डी २०१४ पासून आहे. तिच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा जिल्ह्यांकडे यावा, अशी मागणी रायगडने करायला हवी. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण देणारे राज्य त्या नोकरीपर्यंत नेणारी पहिली पायरी मात्र नशिबावर सोडते, हे पटण्यासारखे नाही. पेण आणि रोहा इथे प्रत्येकी एक छप्पर असलेली, मॅट अंथरलेली जागा, एक कायम प्रशिक्षक आणि किशोर गटाची साखळी पद्धतीची स्पर्धा, इतके हवे. चणेऱ्याच्या किंवा दादरच्या मुलाला तालुक्याचे गाव लांब पडते, हे मान्य. म्हणून तो आठवड्यातून दोनदा एसटीने येईल, आणि उरलेले दिवस गावातच खेळेल, अशा मातीच्या मैदानावर, जे ग्रामपंचायतीने गावठाणात राखून कागदावर मैदान म्हणून नोंदवलेले असेल.