भाड्याची शीव

गावाची शीव कोठून जाते हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तेथे शेंदूर फासलेला एखादा धोंडा असतो, वऱ्हाडाची गाडी क्षणभर थांबते, नारळ फुटतो आणि मगच नवरी सासरच्या हद्दीत शिरते. राज्याची शीव त्याहून मोठी. तिच्यासाठी आयोग बसतात, सभा गाजतात, माणसे तुरुंगात जातात. पण आणखी एक शीव आहे. तिला धोंडा नाही की नारळ नाही, आणि तिच्यावर कोणा शाहिराने पोवाडाही रचलेला नाही. पूर्वी ती तिकीटखिडकीच्या आत टांगलेल्या कोष्टकात असे, आता संगणकाच्या पोटात गेली आहे. पण रोज सकाळी खिशात हात घालणाऱ्याला ती बरोबर कळते. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या निमित्ताने या भाड्याच्या शिवेची कथा मला सांगायची आहे.

आमच्या भागात आगगाडी मुंबईहून आली असे सगळे धरून चालतात. खरा प्रकार उलटा आहे. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही कंपनी १८५५ साली स्थापन झाली, आणि तिचा पहिला तुकडा १८६० साली गुजरातेत, अंकलेश्वर ते उत्राण, असा सुरू झाला. तेथून रूळ खाली खाली सरकत आले आणि १८६४ साली ग्रँट रोडला टेकले. म्हणजे डहाणूची गाडी सुरतेकडून आली आणि मग मुंबईला गेली! कंपनीचे सल्लागार अभियंते कर्नल केनेडी यांना घाट चढण्याची हौस नव्हती. त्यांनी किनाऱ्याची सपाट पट्टी पकडली आणि घाटांऐवजी खाड्यांशी झुंज घेतली. जुनी गावे समुद्राला चिकटून आणि रूळ थोडे आत, म्हणून स्थानकांच्या नावांना ‘रोड’ची शेपटी लागली. डहाणू रोड, केळवे रोड, बोर्डी रोड, उंबरगाव रोड. या ‘रोड’चा अर्थ एवढाच की, येथून गावाला रस्ता जातो, पुढचे तुमचे तुम्ही पाहा. तलासरी गावाच्या वाट्याला तर ही शेपटीही आली नाही. ते राहिले हमरस्त्यावर, रुळांपासून दूर.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुटली. दिवसाला जाण्याची एक आणि येण्याची एक, एवढाच तो संसार. पण त्या दिवशी नकळत एक रेघ ओढली गेली. विरारच्या अलीकडे मुंबईचा शेजार, पलीकडे मुलूख. पुढे विजेची गाडी आली, ती १९२८ साली बोरिवलीपर्यंत आणि १९३६ साली पुन्हा विरारपर्यंतच. १९५१ साली कंपनी जाऊन पश्चिम रेल्वे झाली, पाट्या बदलल्या, डब्यांचे रंग बदलले. विरारची रेघ मात्र हलली नाही.

आता ही रेघ भाड्यात कशी उतरते ते पाहू. शहरातल्या गाडीचे भाडे आकारण्याच्या जगात मुख्यत्वे तीन रीती आहेत. पहिली सरसकट भाड्याची. न्यूयॉर्कच्या भुयारी गाडीत १९०४ पासून १९४८ पर्यंत कोठूनही कोठेही जायला पाच सेंटच पडत. दुसरी रीत वर्तुळांची. लंडनने १९८३ साली शहराच्या गाभ्याभोवती एकात एक अशी वर्तुळे मानली, आणि जितकी वर्तुळे ओलांडाल तितके भाडे ठरवले. तेथील शहाणपणाची एक गोष्ट मला फार आवडते. रेघेवरच येणारी काही स्थानके दोन्ही वर्तुळांत धरतात. प्रवाशाला ज्या बाजूने सोयीचे, त्या बाजूचा हिशेब. पॅरिसमध्येही अशीच वर्तुळे होती, पण २०१५ साली तेथील पासाला ती पुसून टाकली आणि लांबच्या उपनगरातल्या माणसाला शहरातल्या माणसाइतक्याच पैशांत पास मिळू लागला.

तिसरी रीत आपली, अंतराची. मुंबईला वर्तुळे काढायची तरी कोठे? हे शहर बोटासारखे लांबट, आणि त्याची कचेऱ्यांची वस्ती बोटाच्या अगदी टोकाला. तेव्हा चर्चगेटपासून किलोमीटर मोजत जावे हेच सरळ. मात्र प्रत्येक किलोमीटरला वेगळा दर लावला तर सुट्ट्या पैशांवरून रोज महाभारत होईल. म्हणून किलोमीटरांचे टप्पे पाडतात आणि भाडे पाचाच्या पटीत बसवतात. शिवाय अंतर वाढेल तसा दर किलोमीटरचा भाव उतरत जातो, घाऊक बाजारात उतरतो तसा. टप्पा आला की कडेचा माणूसही आला. टप्प्यातले शेवटचे स्थानक भाग्यवान आणि पुढच्या टप्प्यातले पहिले स्थानक कमनशिबी. दोघांच्या मध्ये एखादा ओढा आणि चार शेते, पण तिकिटात अंतर पडते.

या सगळ्यावर मात करणारी वस्तू म्हणजे मासिक पास. त्याचा हिशेब घरातल्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत सोडवण्याजोगा आहे. महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या किमतीत मिळतो. महिन्याला पंचवीस दिवस कामावर जाणारा माणूस जाऊन येऊन पन्नास वेळा प्रवास करतो. पंधरा फेऱ्यांचे पैसे आणि पन्नास फेऱ्यांचा प्रवास! मुंबईचा अर्धा संसार या त्रैराशिकावर उभा आहे असे मी म्हटले, तर अतिशयोक्ती होणार नाही. हा पास सर्वसाधारण नियमाने दीडशे किलोमीटरपर्यंत मिळतो. चर्चगेटपासून डहाणू सुमारे १२४ किलोमीटर, म्हणजे नियमाच्या आत. वापी त्याच्या बाहेर.

मध्यंतरी राज्याची शीव येऊन गेली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. जी गावे महाराष्ट्रात राहिली त्यांची मोट पुढच्या वर्षी तलासरीच्या नव्या महालात बांधली गेली. तलासरीची आजची हद्द अशी वाटणीतून उरलेल्या कापडाची आहे. बोर्डी रोड महाराष्ट्रात, त्याच्या पुढचे उंबरगाव रोड गुजरातेत. घोलवडचे चिकू आणि झाईची मासळी या रेघेवरून पूर्वीसारखीच ये-जा करीत राहिली. तलासरीचा तरुण कामाला वापीकडे जाई, आणि सरकारी कागद मात्र ठाण्याला. त्या ठाण्याची वाट तरी कशी? आगगाडीने मुंबईच्या पोटात शिरायचे, दादरला उतरून पूल चढायचा आणि पुन्हा उलटे उत्तरेला निघायचे. नाकाला हात लावायचा तो डोक्यामागून! पुढे वसईहून दिव्याकडे जाणारी लोहमार्गाची वाट झाली, तरी जिल्ह्याचे ठाणे दूरच राहिले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला तेव्हा कोठे हा वळसा सुटला.

त्याच्या आदल्याच वर्षी विरारची रेघ हलली होती. १६ एप्रिल २०१३ रोजी लोकल डहाणू रोडपर्यंत आली. बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली आगगाडी १८५३ साली याच तारखेला धावली होती. विरारहून १८६७ साली सुटलेल्या गाडीला पुढचे चौसष्ट किलोमीटर तोडायला १४६ वर्षे लागली. ‘विरारला गाडी बदलायची’ हे वाक्य ज्यांच्या आयुष्याला चिकटले होते, त्यांनी त्या दिवशी ढोल वाजवले असतील तर त्यात नवल काय?

पण शीव हलली म्हणजे मिटली असे नव्हे. २०१४ च्या जूनमध्ये रेल्वेने भाडेवाढ काढली आणि पास पंधराऐवजी तीस फेऱ्यांच्या भावाने देण्याचे ठरवले. मुंबईत ओरड झाली, आणि चारच दिवसांत माघार आली. पास पूर्ववत झाले. दुसऱ्या वर्गाची उपनगरी तिकिटेही वाढीतून वगळली, मात्र ऐंशी किलोमीटरपर्यंतच. आता चर्चगेटपासून मोजून पाहा. सफाळे सुमारे सत्त्याहत्तरावर, केळवे रोड सुमारे त्र्याऐंशीवर. माफीची रेघ या दोन स्थानकांच्या मधून गेली. पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू ही सारी नावाने उपनगरी, पण माफीच्या पलीकडची. आरडाओरड सगळ्यांनी केली होती, पदरात पडले ते जवळच्यांच्या.

त्याहून चटका लावणारी गोष्ट करोनाच्या काळातली. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा देशभरच्या साध्या पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचे भाडे लागू झाले आणि किमान तिकीट दहा रुपयांचे तीस झाले. उपनगरी गाडीचे किमान भाडे पाच रुपयेच राहिले. डहाणूच्या दक्षिणेला एक कोष्टक आणि उत्तरेला दुसरे. डहाणूला भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या घोलवड-बोर्डीकडच्या बाईला तीस रुपयांचा हा हिशेब कोणी समजावून सांगावा? २०२४ च्या फेब्रुवारीत जुने भाडे परत आले. तोवर कित्येक पाट्या रस्त्याने, मिळेल त्या जीपमधून गेल्या असतील.

या रेघांचा मला एवढा ध्यास का, असे वाचक विचारतील. त्याचे कारण दिवाळीशीच जोडलेले आहे. आमच्या पाड्यांवर वारल्यांची दिवाळी वाघदेवाला नैवेद्य दाखवून होते, नव्या पिकाच्या आनंदात तारपा घुमतो. आणि सण सरला की पाडे रिकामे होऊ लागतात. वसईकडे, भिवंडीकडे, वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे निघतात. त्याला तिकडे एक शब्द आहे. ‘जगायला गेले’ असे म्हणतात. कामाला गेले नव्हे, जगायला गेले. आईबाप जगायला गेले की पोरेही जातात, आणि शाळेच्या हजेरीपटावर पावसाळ्यापर्यंत नुसत्या फुल्या पडतात.

आता यात भाड्याचा संबंध पाहा. ज्याला पास परवडतो आणि वेळेवर गाडी मिळते, तो सकाळी जाऊन रात्री परततो. त्याचे मूल शाळेत राहते. ज्याला या दोहोंपैकी एकही मिळत नाही, तो चूलबोळके घेऊन निघतो. मजुरीच्या इतर अडचणी थोड्या नाहीत, उचल घेतलेल्याला तर भट्टीवाला रोज घरी सोडतही नाही; सारे खापर तिकिटावर फोडणे खरे होणार नाही. तरी डहाणूला लोकल आल्यापासून सकाळच्या गाडीत डबा आणि थापी घेऊन बसलेले, संध्याकाळी परतणारे आदिवासी तरुण मी पाहतो, तेव्हा वाटते की ही माणसे कामाला जात आहेत; जगायला जावे लागलेले नाही.

अर्थात पास म्हणजे गाडी नव्हे. विरारच्या पुढे आजवर दोनच रूळ राहिले, आणि त्यांच्यावरूनच लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि आमच्या लोकल धावत आल्या. विरार ते डहाणू रोड चार मार्ग करण्याच्या कामाला २०१६ साली मंजुरी मिळाली. मुंबई–अहमदाबाद वेगवान गाडीचा मार्गही तलासरीतून जातो, पण तिची स्थानके विरारला आणि बोईसरला. तलासरीने ती पाहायची, बसायचे दुसरीकडे.

भाड्याची रेघ कोठेतरी ओढावीच लागणार, हे मला मान्य आहे. गाडीला वीज लागते, माणसे लागतात, पैसा लागतो. पण गावाची शीव आखताना आपले पूर्वज दोन्ही गावांचे चार जाणते बोलावीत आणि कोणाची विहीर कोठे जाते ते पाहून धोंडा रोवीत. लंडनने रेघेवरच्या स्थानकाला दोन्ही बाजूंचा मान दिला, त्यातही हाच न्याय आहे. डहाणू हे आज असेच रेघेवरचे स्थानक आहे. त्याच्या पलीकडे घोलवड आहे, बोर्डी आहे, आणि आत डोंगराच्या अंगाला तलासरीचे पाडे आहेत. पुढची रेघ ओढणाऱ्याने किलोमीटर जरूर मोजावेत. त्याबरोबर दिवाळीनंतर किती घरांना कुलपे लागतात तेही एकदा मोजून पाहावे.