मत्स्यविनोद, मांजरा आणि माझी एक चूक

नऊ वर्षांपूर्वी मी स्वखर्चाने एक चाळीस पानी पुस्तिका काढली होती. तिच्या बावीसाव्या पानावर मी एक वाक्य लिहिले : ‘पिसांची खोटी माशी गळाला बांधून मासा पकडण्याची कला, जिला इंग्रज फ्लाय-फिशिंग म्हणतात, ती जगात प्रथम कल्याणीच्या चालुक्य राजाने लिहून ठेवली.’ हे वाक्य चुकीचे आहे. पुस्तिकेच्या दोनशेच प्रती निघाल्या, पण हे वाक्य त्यानंतर मी दोन स्मरणिकांत आणि एका व्याख्यानाच्या वृत्तांतात वाचले, माझ्या नावाशिवाय. तेव्हा ते दुरुस्त करण्याची जबाबदारीही माझीच.

माझे वाशीत झेरॉक्सचे दुकान आहे. संस्कृत मी भांडारकरांच्या ‘मार्गोपदेशिके’वरून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, गल्ल्यावर बसून शिकलो. पुस्तिका लिहिली तेव्हा मूळ ग्रंथ वाचण्याइतकी माझी तयारी नव्हती, आणि मी तसे कबूलही केले नाही.

ग्रंथ आहे ‘मानसोल्लास’, दुसरे नाव ‘अभिलषितार्थचिंतामणी’. कर्ता सोमेश्वर तिसरा, सहाव्या विक्रमादित्याचा मुलगा, राज्यकाल सुमारे ११२६ ते ११३८. ग्रंथाचा काळ शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९ च्या आसपास मानतात. मराठी वाचकाला हे नाव ओवीमुळे ठाऊक असते : महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, ही नोंद याच ग्रंथातली. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ग. के. श्रीगोंदेकरांनी तो तीन खंडांत संपादला. पहिला खंड १९२५ चा, दुसरा १९३९ चा, तिसरा १९६१ चा. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय. राज्य मिळवावे कसे, टिकवावे कसे, भोगावे कसे, आणि मग चौथ्या विंशतीत राजाचे विनोद, म्हणजे करमणुकी. हत्ती-घोडे, कुस्ती, कोंबड्यांची झुंज, ससाणा. आणि ससाण्यानंतर व शिकारीच्या आधी मत्स्यविनोद.

आमच्या भागाला हा राजा परका नाही. भूम तालुक्यातल्या माणकेश्वरचे कोरीव शिवमंदिर पाहिलेल्या माणसाला त्या काळाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. वाशीच्या उत्तरेने वाहणारी मांजरा बालाघाटात उगम पावते, बीड आणि धाराशिवची शीव आखत लातूरकडे जाते आणि पुढे बीदर जिल्ह्यात शिरते. सोमेश्वराची राजधानी कल्याणी, आजचे बसवकल्याण, त्याच जिल्ह्यात. आमच्या इथले पाणी त्याच्या मुलखातून जात होते, हा विचार मला फार आवडला आणि तिथेच माझा तोल गेला.

चूक कशी झाली ते सांगतो, कारण हौशी संशोधकांत ती सर्रास होते. एका इंग्रजी लेखात दोन गोष्टी एकाच परिच्छेदात होत्या. पहिली रोमन लेखक एलियन याची, इ.स. २०० च्या सुमाराची : मॅसिडोनियात अ‍ॅस्ट्रेअस नावाच्या नदीवर लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात, त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधतात, आणि मासा ती माशी समजून तोंड मारतो. दुसरी गोष्ट मानसोल्लासाची. टिपणवहीत उतरवताना मी दोन्हींची गाठ मारली. पिसे एलियनची, राजा आमचा.

पुढे श्रीगोंदेकरांच्या दुसऱ्या खंडाची प्रत हाती आली. मत्स्यविनोद मी शब्दकोश घेऊन, ओळ ओळ करत, चार महिने वाचला. त्यात पीस नाही. खोटी माशी नाही. जे आहे ते माझ्या मते त्याहून मोलाचे आहे. आधी माशांची ओळख : समुद्रातले, नदीतले, खवल्यांचे, बिनखवल्यांचे, थोर, मध्यम, लहान. मग कोणत्या माशाला काय खायला घालायचे. मग दोर, काठी, गळ, आणि लागलेला मासा दमवून काठाशी कसा आणायचा. इंग्लंडात या विषयावरचे पहिले छापील पुस्तक १४९६ चे, विंकिन द वर्ड याच्या छापखान्यातले. ज्युलियाना बर्नर्स या बाईच्या नावावर ते सांगतात, पण ते कर्तृत्व संशयास्पद आहे. आमचा अध्याय त्याच्या साडेतीनशे वर्षे आधीचा. एवढे खरे आहे, आणि एवढ्यावर मला थांबता आले असते.

या अध्यायाकडे विज्ञानाच्या बाजूने पाहिले ते डॉ. सुंदरलाल होरा यांनी. ते झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक होते. प्राचीन भारतीयांच्या मत्स्यज्ञानावर त्यांनी लेखमाला लिहिली आणि १९५१ मध्ये तिच्यात मत्स्यविनोद घेतला. माशांचा जाणकार संस्कृत ग्रंथाकडे वळतो आणि संस्कृतचे पंडित माशांकडे वळत नाहीत, हे आपल्याकडे नेहमीचेच.

आता प्रश्न असा की पिसांची माशी तिथे का नाही. उत्तर मला ग्रंथात सापडले नाही, पाण्यावर सापडले.

गेल्या संक्रांतीच्या आठवड्यात मी धनेगाव धरणाच्या फुगवट्यावर, कळंबच्या बाजूला, एका म्हाताऱ्या भोईबाबांबरोबर दोन सकाळी बसलो. थंडी अशी की बोटांना दोऱ्याची गाठ मारता येईना. मी पहाटे साडेपाचला हजर. बाबा आठ वाजता, कांबळे पांघरून, चहा पिऊन आले. ‘‘भाऊ, थंडीत मासा पेंगतो. उन्हं पाण्यात उतरल्याबिगर त्यो तोंड उघडत न्हाई. तुम्ही उगंच कुडकुडलाव.’’ मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते, भूक मरते, तो खोल, स्थिर पाण्यात जाऊन पडून राहतो. चौदा अंशांखाली तर रोहूला पाणी मानवतच नाही. म्हणून हिवाळ्यात बाबा गळ लहान घेतात, दोरा बारीक घेतात, चारा हरभऱ्याच्या दाण्याएवढा लावतात आणि तळाशी सोडतात. दोऱ्याला ज्वारीच्या धाटाचा तुकडा बांधलेला. उन्हाळ्यात तो एकदम बुडतो. थंडीत नुसता थरथरतो, आणि त्या थरथरीवर हात उचलावा लागतो. मी पाच वेळा उशीर केला.

मुख्य गोष्ट चाऱ्याची. बाबा त्या जागी आधीचे तीन दिवस पेंड आणि भाजलेल्या पिठाचे गोळे टाकत होते. मासा शोधत फिरणार नाही हे धरून त्याला एका जागेची सवय लावायची. मत्स्यविनोदाचा मोठा भागही हेच सांगतो : आधी खाऊ घाला, मग गळ टाका. मी तो भाग मराठीत सांगितला तेव्हा बाबांनी तंबाखू मळता मळता विचारले, ‘‘आन् चारा टाकाया कोण जायचं, राजा?’’

मी हसलो, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. सोमेश्वर पहाटे उठून पीठ मळायला बसला नसणार. कोणत्या डोहात कोणता मासा, त्याला काय आवडते, किती दिवस चारावे लागते, हे ज्ञान पाण्यावर जगणाऱ्यांचे. राजाने ते श्लोकात बांधले, म्हणून टिकले. माझ्या पुस्तिकेत राजाचे कौतुक तीन पाने आहे आणि भोयांविषयी ओळही नाही. बावीसाव्या पानाइतकीच ही चूकही मला लागते.

पिसांच्या माशीचे उत्तरही या चाऱ्यातच आहे. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. तो पाण्यावरचे किडे टिपतो, म्हणून त्याला खोटा किडा फसवतो. दख्खनच्या संथ डोहातला मोठा मासा बहुतेक शेवाळ, दाणा, चिखलातले जीव नाहीतर लहान मासे खातो. त्याला पीठ हवे किंवा मांस. माशी बांधण्याचे कारणच इथे नव्हते. १४९६ च्या त्या इंग्रजी पुस्तकात बारा माश्या दिल्या आहेत आणि त्या महिन्यांप्रमाणे, मार्च ते ऑगस्ट. म्हणजे हिवाळा त्यांनीही सोडूनच दिला होता. आज थंड देशांतले हौशी लोक बर्फातही ट्राउटमागे जातात. काठीच्या कड्यांत पाणी गोठते, ते बोटांनी फोडून पुन्हा दोर फेकायचा, आणि माशी पाण्यावर न ठेवता तळाशी, अगदी हळू वाहू द्यायची. हे वर्णन वाचताना मला बाबांचा तो हरभऱ्याएवढा गोळा आठवला.

आपल्या देशात ही विद्या इंग्रजांबरोबर रुजली. मद्रासच्या मुलकी सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ लिहिले. त्यात मान महासीर माशाला. ट्राउट इथला नव्हताच. त्याची अंडी बोटीने काश्मीरला आणली. पहिली खेप वाटेत मेली, १९०० मधली जगली. नंतर निलगिरीतही तो रुजला. मराठवाड्यात तो एक उन्हाळा काढणार नाही. आपल्याकडच्या महासीरसाठी लोणावळ्याजवळ टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून बीजनिर्मिती केली, त्यात डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि ओगले यांचे काम मोठे आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय.

एक सावधगिरी मात्र इथेच नोंदवतो. मत्स्यविनोदात ‘रोहित’ आहे म्हणून तो मांजरेतला आजचा रोहू, असे लगेच म्हणू नये. रोहू मूळचा उत्तरेतल्या नद्यांचा. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरींनी कटकला इंजेक्शन देऊन माशांची वीण साधली, त्यानंतर बीज मुबलक झाले आणि आमच्या धरणांत सोडले जाऊ लागले. शिवाय मांजरेचे पाणी कायमचे नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा हे धरण कोरडे पडले होते. बाबा त्या वर्षी पुण्याला बांधकामावर गेले. आज ते पकडतात तो मासा त्यानंतर टाकलेल्या बीजाचा. आठशे वर्षांची परंपरा असे मी बोलायला गेलो तर हे मधले कोरडे साल मला अडवते.

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला धाट थरथरले आणि या खेपेला मी वेळेवर हात उचलला. अर्ध्या किलोचा रोहू. बाबांनी तो माझ्या पिशवीत घातला, पैसे घेतले नाहीत.

पुस्तिकेच्या एकसष्ट प्रती दुकानात शिल्लक होत्या. प्रत्येकीत बावीसाव्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली आहे. ज्यांच्याकडे जुनी प्रत असेल त्यांनी वाशीला येताना आणावी, चिठ्ठी लावून देईन. दोन स्मरणिकांच्या संपादकांना पत्रे टाकली आहेत. एकाचे उत्तर आले.