मक्का-मदिना एका चौकटीत : जोडलेल्या तसबिरींचा इतिहास

बहुतेक मुस्लीम घरांच्या भिंतीवर एक तसबीर असते. एका बाजूला काबागृह, दुसऱ्या बाजूला मस्जिद-ए-नबवीचा हिरवा घुमट, वर अरबी सुलेखन आणि खाली फुलांची वेलबुट्टी. लहानपणापासून ती इतकी पाहिलेली असते की तिच्यात काही चमत्कारिक आहे, हे लक्षातच येत नाही. मक्का आणि मदिना या शहरांत सुमारे साडेचारशे किलोमीटरचे अंतर आहे. जगातल्या कुठल्याही मिनारावर कॅमेरा ठेवला तरी ही दोन्ही स्थळे एका चित्रात येणार नाहीत. म्हणजे ज्या तसबिरीखाली आपण दुआ मागतो, ती एका अर्थाने ‘जोडलेली’ तसबीर आहे.

तरीही तिला कुणी खोटी म्हणत नाही. उलट मोबाईलवर आलेल्या एखाद्या जोडचित्राने गावात तणाव पसरतो, तेव्हा ‘फोटोत दिसतंय ना’ एवढाच पुरावा लोकांना पुरतो. एक जोड श्रद्धेचा आणि दुसरा फसवणुकीचा, हा फरक कुठून येतो? त्यासाठी जोडचित्रांच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

कॅमेऱ्याच्या आधी

ही दोन शहरे शेजारी मांडण्याची कल्पना कॅलेंडर छापणाऱ्यांची नव्हे. पंधराव्या शतकातले मोरोक्कोचे सूफी अल-जझुली यांनी ‘दलाइल-उल-खैरात’ हा दरूदांचा संग्रह तयार केला. मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत तो वाचला गेला, भारतातही त्याच्या सुंदर हस्तलिखित प्रती तयार झाल्या. सुरुवातीच्या प्रतींत प्रेषितांच्या रौजाची आकृती असे. पुढे, विशेषतः अठराव्या शतकापासून, समोरासमोरच्या दोन पानांवर मक्का आणि मदिना रंगवण्याची रीत रुजली. पुस्तक उघडले की दोन्ही हरम एकदम डोळ्यांपुढे येत.

त्या चित्रांत माणसे नसत. पक्ष्याच्या नजरेतून पाहिल्यासारखे अंगण, कमानी, मिनार आणि मधोमध काळा चौकोन. प्रवास परवडणार नाही, समुद्र ओलांडता येणार नाही, अशा माणसाला मनाने तिथे उभे करणे हा त्या पानांचा हेतू होता. पाहणाऱ्यालाही ते ठाऊक होते. ही दोन शहरे शेजारी आहेत, असा दावा चित्रकार करत नव्हता आणि वाचकही तसे समजत नव्हता. या करारामुळेच तो जोड प्रामाणिक ठरला.

काचेवरची कसरत

छायाचित्रण आले आणि हा करार बिघडला, कारण कॅमेरा जे आहे तेच दाखवतो, अशी समजूत सुरुवातीपासून रूढ झाली. प्रत्यक्षात जोडकामाची गरज कॅमेऱ्याच्याच उणिवेतून निर्माण झाली. १८५० च्या दशकात वापरात आलेल्या कोलोडियनच्या ओल्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होत्या. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश जळून पांढरेफटक होई. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी यावर तोडगा काढला. लाटांसाठी एक काच, ढगांसाठी दुसरी, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्हींचा सांधा. १८५६-५७ च्या सुमारासची त्यांची समुद्रचित्रे पाहून लोक थक्क झाले.

त्याच सुमारास इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन गावी ऑस्कर रेलँडर हे मूळचे स्वीडिश छायाचित्रकार याहून मोठा घाट घालत होते. त्यांच्या ‘जीवनाच्या दोन वाटा’ या १८५७ च्या चित्रात एक वृद्ध ज्ञानी दोन तरुणांना जगाच्या उंबरठ्यावर आणतो. एक सदाचाराकडे वळतो, दुसरा भोगाकडे. एवढी माणसे एकाच वेळी कॅमेऱ्यापुढे उभी करणे अशक्य होते. म्हणून त्यांनी आधी मांडणी ठरवली, तीही राफाएलच्या ‘अथेन्सची शाळा’ या भित्तिचित्राच्या धर्तीवर. मग एकेक गट वेगळा टिपला. तिसाहून अधिक काचा झाल्या. प्रत्येक काचेतला हवा तेवढाच भाग उघडा ठेवायचा, बाकीचा कागद झाकायचा, उन्हात छापायचे, मग पुढची काच. दूरची माणसे लहान आणि जवळची मोठी दिसावीत, म्हणून अंतराचा हिशेबही आधीच मांडावा लागला. सहा आठवडे हे काम चालले.

मँचेस्टरच्या प्रदर्शनात ते चित्र लागले आणि राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली. स्कॉटलंडमध्ये मात्र त्यातल्या विवस्त्र आकृतींवरून गदारोळ झाला. १८५८ मध्ये रेलँडर यांनी लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीपुढे निबंध वाचून आपली सगळी पद्धत उघड सांगितली. याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच काचा जोडून मृत्युशय्येवरच्या एका तरुणीचे चित्र केले. त्यावर टीका झाली की इतके खासगी दुःख असे दाखवू नये. मौज म्हणजे ते दुःख मांडलेले होते. रॉबिन्सन आधी रेखाटन करत आणि मग त्या रेखाटनाबरहुकूम एकेक भाग टिपत.

नियोजनाचा हा धडा आजही लागू आहे. जोडचित्र कात्रीने सुरू होत नाही, कागदावरच्या आराखड्याने सुरू होते.

जामा मशिदीच्या मिनारावरून

जोडकामाचा दुसरा प्रकार म्हणजे पॅनोरमा. एकच जागा, पण ती एका काचेत मावत नाही, म्हणून कॅमेरा थोडा थोडा फिरवत अनेक काचा घ्यायच्या आणि छाप शेजारी शेजारी चिकटवायचे. इथे काल्पनिक काही नसते, म्हणून पॅनोरमा सगळ्यांत विश्वासार्ह वाटतो.

फेलीचे बिआतो १८५८ मध्ये भारतात आले. उठाव चिरडला जात होता. त्यांनी दिल्ली आणि लखनऊची मोठी पॅनोरमा चित्रे केली. दिल्लीचे चित्र जामा मशिदीवरून टिपलेले आहे. घरांची गच्च दाटी, गल्ल्या, दूरवर लाल किल्ला. सांधे इतके नेटके की कौतुकच करावे.

पण हे चित्र कोणत्या दिवसांत घेतले गेले? सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रज फौजेने शहर जिंकल्यावर रहिवाशांना बाहेर काढले गेले होते. मुस्लिमांना परत येण्यास सर्वांत जास्त काळ मज्जाव होता. मशीद फौजेच्या ताब्यात होती, तिथे नमाज बंद होती. ती मुस्लिमांना परत मिळाली १८६२ मध्ये. म्हणजे ज्या मशिदीत दिल्लीकर पाय ठेवू शकत नव्हता, तिच्यावर कॅमेरा चढला. पुढे किल्ला आणि मशिदीच्या भोवतालची वस्ती मोठ्या प्रमाणात पाडण्यात आली. मिर्झा गालिब यांच्या पत्रांत त्या पाडापाडीची हळहळ आहे. आज त्या मोहल्ल्यांचा माग काढायचा तर जेत्यांसाठी काढलेले हेच चित्र हाती घ्यावे लागते.

लखनऊच्या सिकंदर बागेचे बिआतो यांचे चित्र तर अधिकच अस्वस्थ करणारे आहे. नोव्हेंबर १८५७ च्या लढाईत तिथे सुमारे दोन हजार शिपाई मारले गेले. चित्र त्यानंतर काही महिन्यांनी घेतलेले. अंगणात पसरलेली हाडे छायाचित्रासाठी मुद्दाम मांडली गेली, असे अनेक अभ्यासक मानतात. इथे काचांचा जोड नाही, कात्री नाही, तरीही चित्र रचलेले आहे. सांधा नसलेले चित्र खरेच असते, या समजुतीला यापेक्षा मोठे उत्तर कोणते?

सादिक बे यांची मक्का

आता त्या भिंतीवरच्या तसबिरीकडे वळू. मक्का-मदिनेची सर्वांत जुनी ज्ञात छायाचित्रे एका मुस्लीम लष्करी अभियंत्याने काढली. मुहंमद सादिक बे हे इजिप्तच्या सैन्यातले सर्वेक्षक, पॅरिसमध्ये शिकलेले. १८६१ मध्ये हिजाझच्या मार्गाची पाहणी करताना त्यांनी मदिनेची छायाचित्रे घेतली. १८८० मध्ये ते कैरोहून निघणाऱ्या महमिलच्या काफिल्याबरोबर खजिनदार म्हणून गेले आणि मक्का, हरम शरीफ, मिना अशी चित्रे टिपली. १८८१ मध्ये व्हेनिसच्या भौगोलिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले.

एका छापात न मावणारी शहरे दाखवण्यासाठी त्यांनी छाप जोडून विस्तृत दृश्ये तयार केली. हे काम किती जिकिरीचे होते, याची कल्पना करून पाहा. ओली काच म्हणजे काचेवर द्रावण पसरायचे, चांदीच्या क्षारात बुडवायचे, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायची. हिजाझच्या उन्हात ती पाहता पाहता सुकणार. दोन काचांच्या मधल्या वेळात सूर्य सरकणार, सावल्या हलणार. काही सेकंदांच्या उघडीपात चालणारा माणूस धुरकट होणार. सांधा जुळायचा तर तिपाई तसूभरही हलता कामा नये आणि प्रत्येक काचेत आधीच्या दृश्याची कड थोडी यायला हवी.

सर्वेक्षकाची शिस्त इथे कामी आली. सादिक बे मोजमाप करणारे होते. त्यांच्या लेखी छायाचित्र हा नकाशाचाच भाग होता. चित्रांवर त्यांनी आपले नाव घातले, प्रवासाची वर्णने छापली आणि कुठे काय पाहिले ते लिहून ठेवले. त्यामुळे आज ती चित्रे दस्तऐवज झाली आहेत. जुन्या मक्केची बरीच घरे आता उरलेली नाहीत. हरमलगतच्या टेकडीवरचा उस्मानी काळातला अजयाद किल्ला २००२ मध्ये पाडला गेला. तो पाहायचा तर आता जुन्या छायाचित्रांतच.

बाजारातली तसबीर

पुढे छपाई स्वस्त झाली आणि छायाचित्रांतली काबा-मदिना रंगीत कॅलेंडरांवर आली. छायाचित्र कापायचे, हाताने रंग भरायचे, आकाश बदलायचे, चंद्र-तारा घालायचा आणि छापखान्यात पाठवायचे. युसूफ सईद यांनी २०१२ च्या ‘मुस्लिम डिव्होशनल आर्ट इन इंडिया’ या पुस्तकात या तसबिरींचा अभ्यास मांडला आहे. त्यातली लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे या चित्रांचे अनेक चित्रकार आणि प्रकाशक हिंदू होते. देवादिकांची चित्रे छापणारेच दर्गे, बुराक आणि काबा छापत. आपल्या भिंतीवरच्या जोडात असाही एक जोड दडलेला आहे.

मुंबई हे हजयात्रेकरूंचे मोठे बंदर होते. १९९५ पर्यंत हाजी जहाजाने जात. ज्यांना जाता येत नसे, त्यांच्यासाठी ही तसबीर म्हणजे तोच जुना ‘दलाइल’चा करार होता. असाच एक करार फोटो स्टुडिओतही झाला. आखातात किंवा आफ्रिकेत नोकरीला गेलेल्या बापाचा सुटा फोटो घरच्यांच्या फोटोत बेमालूम बसवून द्यायचा. वारलेल्या आजोबांनाही मधल्या खुर्चीवर जागा मिळे. घरात सगळ्यांना ठाऊक असे की त्या दिवशी ते तिथे नव्हते. तरी तो फोटो खोटा नव्हता. त्यात कुटुंबाची इच्छा होती.

सनद विचारा

फसवणूक सुरू होते ती सांधा लपवून साक्ष दिल्याचा आव आणला की. फेब्रुवारी १९८२ च्या अंकासाठी ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने गिझाचे पिरॅमिड उभ्या मुखपृष्ठावर मावावेत म्हणून संगणकाने जवळ सरकवले. हेतू वाईट नव्हता, पण वाचकाला सांगितले नव्हते, म्हणून वाद झाला. आज तेच काम फोनवर क्षणात होते. एका शहरातला जमाव, दुसऱ्या देशातला झेंडा, तिसऱ्याच वर्षाची तारीख. त्याची किंमत मोजतो तो गल्लीतला हातगाडीवाला.

यावर आपल्या परंपरेत एक जुनी कसोटी आहे. हदीस तपासणारे मुहद्दिस मजकुराआधी सनद विचारत. कुणी ऐकले, कुणाकडून ऐकले, ते दोघे खरोखर भेटले होते का? सूरह अल-हुजुरातमध्येही बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या बातमीची आधी शहानिशा करायला सांगितले आहे, नाहीतर अजाणतेपणी कुणाला इजा होईल आणि पश्चात्ताप करावा लागेल. चित्रालाही हीच कसोटी लावायला हवी. कुणी काढले, कुठून, कधी आणि मध्ये कुणाचा हात लागला?

आपल्या मोहल्ल्याचा, मशिदीचा, विणकरांच्या पेठेचा चित्रसंग्रह करू पाहणाऱ्या तरुणांनी हेच लक्षात ठेवावे. आधी ठरवा, जोड कशासाठी. जागा पूर्ण दाखवायची की काळ दाखवायचा? कागदावर चौकटी आखा. पॅनोरमा असेल तर कॅमेरा एका जागी स्थिर ठेवा, उजेड बदलण्याआधी सगळ्या चौकटी घ्या, दर चौकटीत आधीच्या चौकटीचा तिसरा हिस्सा तरी येऊ द्या. जुना फोटो आणि आजची जागा जोडायची असेल, तर जुन्या छायाचित्रकाराची उभी राहण्याची जागा शोधा. मूळ चित्रे वेगळी जपून ठेवा, प्रत्येकाची तारीख आणि ठिकाण लिहा. आणि खाली स्पष्ट नोंदवा की हे इतक्या चित्रांचे मिळून केलेले आहे.

एवढी एक ओळ लिहिल्याने चित्राचे सौंदर्य घटत नाही. पन्नास वर्षांनी ती पेठ नसेल, तेव्हा ते चित्र पुरावा म्हणून उभे राहील की नुसती शोभा म्हणून, हे त्या ओळीवरूनच ठरेल.