कराची ते जुहू : सव्वासात तास

नकाशावर मोजपट्टी ठेवली, तर मुंबई आणि कराची यांत जेमतेम 880 किलोमीटरचे अंतर आहे. हे अंतर विमानाने किती वेळात पार होते? मित्रांनो, आजच्या धाग्यात या प्रश्नाचे उत्तर जुहूपासून शोधू.

विलेपार्ल्याहून जुहूकडे जाताना आज जिथे हेलिकॉप्टरांची घरघर ऐकू येते, तो विमानतळ 1928 सालचा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी दुपारी 1 वाजून 50 मिनिटांनी तेथे एक इवलेसे ‘पस मॉथ’ विमान उतरले. चालक होते जे. आर. डी. टाटा, वय 28. सोबत प्रवासी कोणी नव्हते. होत्या त्या टपालाच्या थैल्या. इंपीरियल एअरवेजची विमाने लंडनचे टपाल कराचीपर्यंत आणीत आणि तेथून पुढे ते रेल्वेच्या गतीने रांगत असे. टाटांनी जोडली ती नेमकी ही तुटलेली कडी.

कराचीहून ते सकाळी 6 वाजून 35 मिनिटांनी निघाले होते. म्हणजे लागले सव्वासात तास. आता थोडे गणित करू. वाटेत अहमदाबादला उतरायचे असल्याने मार्ग वाढून सुमारे 1,030 किलोमीटर झाला. या विमानाचा नेहमीचा वेग ताशी 170 किलोमीटरच्या आसपास. त्या हिशेबाने निव्वळ उड्डाण सहा तासांचे. उरलेला वेळ वाऱ्याशी झगडण्यात, उतरण्या-चढण्यात आणि अहमदाबादच्या थांब्यात गेला असणार. तिथे विमानाचे पेट्रोल आले ते चार-चार गॅलनच्या डब्यांतून, बैलगाडीवर!

प्रवासाचा वेळ आकाशापेक्षा जमिनीवर अधिक ठरत होता. जुहूहून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन मद्रासकडे निघाले, पण वाटेत बेल्लारीस रात्रीचा मुक्काम पडला आणि मद्रास उजाडले दुसऱ्या दिवशी. जुहूची जमीन तर इतकी सखल की पावसाळ्यात तिचा चिखल होई आणि सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. पुढे मोठी विमाने आली, तशी मोठ्या उड्डाणांची सूत्रे शेजारच्या सांताक्रूझकडे गेली. 8 जून 1948 रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ लंडनला झेपावले ते सांताक्रूझहूनच. वाटेत कैरो आणि जिनिव्हा हे थांबे होते.

15 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या 78 व्या वर्षी, जे.आर.डींनी कराची–जुहू हे उड्डाण जुन्या ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून पुन्हा एकट्याने केले. तोवर दोन शहरांच्या मध्ये सीमा आली होती, तीन युद्धेही होऊन गेली होती. तरी ते विमान आले.

आणि आज? जेट विमानाला हे अंतर दीड तासाचे. मात्र मुंबईहून कराचीला थेट विमानच नाही. एप्रिल 2025 पासून दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशही बंद केले आहे. जायचेच झाले तर दुबईमार्गे, तीन हजारांहून अधिक किलोमीटर. दोन उड्डाणे आणि मधली प्रतीक्षा धरली, तर बैलगाडीवरच्या पेट्रोलाची वाट पाहूनही ‘पस मॉथ’ आपल्या आधी पोहोचले असते.