प्रगत स्मृतिभ्रंश : जोडीदाराचे मन कशात रमवावे?

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया हे एखाद्या एकाच रोगाचे नाव नाही. मेंदूतील पेशींची हानी झाल्यामुळे स्मरण, भाषा, विचार आणि दैनंदिन व्यवहार यांचा जो ऱ्हास होत जातो, त्याला ही संज्ञा आहे. त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा विकार. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याचे वर्णन प्रथम मांडले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतातील ६० वर्षे व त्यावरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे.

विकार प्रगत अवस्थेत पोहोचला की रुग्ण घरच्यांनाही ओळखेनासा होतो, बोलणे तुटते, चालणे व गिळणे अवघड होते. सेवा करणारा पती किंवा पत्नी अनेकदा स्वतःही वृद्ध असते. ‘आंघोळ झाली, जेवण झाले, आता उरलेला दिवस हिच्यासाठी काय करावे?’ हा प्रश्न अशा घरांत रोजचा असतो. पत्ते, कोडी, वर्तमानपत्र यांचा काळ सरलेला असतो. मग ‘हिला काहीच कळत नाही’ असे समजून रुग्णाला दिवसभर दूरदर्शनसमोर बसवून ठेवले जाते. ही समजूत चुकीची आहे.

काय शिल्लक राहते?

अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग लवकर बाधित होतो. मात्र अंगवळणी पडलेल्या हालचाली, ओळखीचे सूर, तसेच स्पर्श व स्वर यांतून जाणवणारी माया पुष्कळ उशिरापर्यंत टिकते. म्हणून कृती निवडताना ‘तिला काय आठवते?’ यापेक्षा ‘तिला काय सुखावते?’ हे पाहावे.

अमेरिकेतील समाजकार्यकर्त्या जॉइस सिमार्ड यांनी २००३ साली प्रगत अवस्थेतील रुग्णांसाठी एक सेवापद्धती सुरू केली. तिला त्यांनी आपल्या भाषांतील ‘नमस्ते’ हेच नाव दिले. शांत खोली, मंद संगीत, हातांना हळुवार मालीश, केस विंचरणे, आवडते पेय आणि सुगंध हे तिचे मुख्य घटक आहेत. यांपैकी बहुतेक गोष्टी घरीही करता येतात.

घरी काय करता येईल?

स्पर्श : कोमट खोबरेल तेलाने हात चोळावेत, केस विंचरावेत. जुनी गोधडी, मऊ सुती कापड हाती द्यावे.

सूर : ऐन तारुण्यात ऐकलेली गाणी, लग्नातील गीते, चर्चमधील भक्तिगीते लावावीत किंवा स्वतः गुणगुणावीत.

गंध : मोगऱ्याचे फूल, वेलची, ताजी कोथिंबीर हुंगावयास द्यावी.

हातांचे काम : टॉवेलच्या घड्या घालणे, मेथी निवडणे. घडी वाकडी झाली तरी दुरुस्त करू नये.

प्रार्थना : आयुष्यभर जपमाळ केलेल्या व्यक्तीच्या हाती ती द्यावी आणि शेजारी बसून सावकाश प्रार्थना म्हणावी. पुष्कळदा ओठ आपोआप हलू लागतात.

घ्यावयाची काळजी

एका वेळी एकच गोष्ट, दहा-पंधरा मिनिटे. सायंकाळी अस्वस्थता वाढत असेल तर सकाळची वेळ निवडावी. आधी तहान, शौच, वेदना, चष्मा व श्रवणयंत्र यांकडे लक्ष द्यावे. रुग्ण वस्तू तोंडात घालू शकतो. म्हणून मणी, बटणे अशा वस्तू देताना जवळ बसावे. खाणे-पिणे सरळ बसवूनच द्यावे. ठसका वारंवार लागत असेल तर डॉक्टरांना विचारावे. ‘मी कोण, सांग बरे?’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘मी तुझ्याजवळ आहे’ असे आपणच सांगावे.

मान फिरवणे, मूठ आवळणे, कपाळावर आठ्या येणे हा नकार समजावा आणि थांबावे. डोळे उघडणे, श्वास संथ होणे, बोटांनी आपला हात धरणे हा होकार होय. याहून मोठ्या प्रतिसादाची अपेक्षा ठेवल्यास सेवा करणाऱ्याच्या पदरी निराशा येते.

सेवा करणाऱ्यालाही विश्रांती हवी. मुले, शेजारी, धर्मग्रामातील बंधुभगिनी यांनी आठवड्यातून दोन तास जरी रुग्णाजवळ बसण्याचे ठरवले, तरी त्या घराला मोठा आधार मिळतो. मदत मागण्यात कमीपणा मानू नये.