कन्हानमधला प्लॉट : इसारापूर्वीची पारख आणि अडकलेल्या व्यवहारातून सुटका

कन्हान हे नागपूर–जबलपूर महामार्गावरचे, पारशिवनी तालुक्यातले शहर. शेजारून कन्हान नदी वाहते, पलीकडे कामठी आहे, आणि आसपास वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडच्या कोळसा खाणी आहेत. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये मंजुरी दिली. त्यातला एक मार्ग ऑटोमोटिव्ह चौकापासून कन्हान नदीपर्यंत 13 किलोमीटरचा आहे. असा मार्ग ठरला की ले-आउटच्या जाहिरातीत त्याचे नाव येणारच. पण मेट्रो जवळ आली म्हणून जमीन अकृषक होत नाही आणि नकाशाही मंजूर होत नाही.

मोठ्या बिल्डरचा एक सौदा फसला तर बाकीचे त्याला तारतात. भविष्य निर्वाह निधीच्या पैशातून एकच प्लॉट घेणाऱ्याकडे दुसरा सौदाच नसतो. भाव पडले तर तो थांबू शकतो. प्लॉट नावावरच झाला नाही, किंवा होऊनही बांधता वा विकता आला नाही, तर त्याची सगळी पुंजी अडकते. त्यामुळे काय निष्पन्न झाले तर पैसे परत मिळतील, हे इसार देण्याआधीच ठरवावे लागते.

जमिनीखाली आणि नदीकाठी

या भागातला सर्वांत वेगळा धोका कोळशाचा. ‘कोळसा धारक क्षेत्र (संपादन आणि विकास) अधिनियम, 1957’ नुसार कलम 4 ची अधिसूचना निघाली की त्या क्षेत्रात कोळशाचा शोध सुरू होतो. कलम 7 ने संपादनाचा इरादा जाहीर होतो आणि त्यावर हरकत घ्यायला 30 दिवस मिळतात. कलम 9 ची घोषणा प्रसिद्ध झाली की कलम 10 प्रमाणे जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन केंद्र सरकारची होते. मग प्लॉटधारकाच्या हाती उरतो तो नुकसानभरपाईचा दावा. या अधिसूचना राजपत्रात येतात, सातबाऱ्यावर नोंद व्हायला वेळ लागू शकतो. म्हणून निव्वळ कोरा सातबारा पाहून समाधान मानू नये. गट क्रमांक घेऊन तहसील कार्यालयात आणि वेकोलिच्या भूसंपादन विभागात विचारणा करावी. फेरी वाया गेली तरी एक दिवसच जातो.

नदीचेही तसेच. ऑगस्ट 2020 मध्ये पेंच नदीवरील धरणांतून मोठा विसर्ग झाला आणि कन्हानकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. साधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नव्या घराला परवानगी मिळत नाही, दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी लागतात. उन्हाळ्यात दाखवलेला नदीकाठचा प्लॉट कोरडाच दिसणार.

कागदातले खड्डे

शेतजमिनीचे तुकडे पाडून विकणे ही नागपूरची जुनी दुखणी; सुधार प्रन्यासाच्या कारभारात ‘572’ आणि ‘1900’ ले-आउट हे शब्द त्यातूनच रुळले. नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे नागपुरी बोलीत ‘आरएल’, मिळालेला प्लॉट आणि पुढे मिळेल असे सांगून विकलेला प्लॉट यांत मोठा फरक आहे. 2001 चा गुंठेवारी कायदा 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला लागू झाला, पण सरसकट सगळ्यांना नाही. एका गटावर वीस नावे असतील तर कोणाचा तुकडा कुठे, हे मोजणीशिवाय कळत नाही.

भोगवटादार वर्ग 2 ची किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर परवानगीचा मूळ आदेश पाहावा. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीने विनापरवानगी घेतली तर ती मूळ मालकाला परत जाऊ शकते. वारसांच्या यादीत बहिणींची नावे आहेत का, हेही तपासावे. त्या राहून गेल्या असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्राशिवाय पुढे जाऊ नये. आममुखत्यारपत्रावर झालेली ‘विक्री’ मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे.

व्यवहार अडकला तर

पहिला नियम : आणखी पैसे देऊ नयेत. ‘दोन लाख द्या, फेरफार करून आणतो’ या वाक्यावर आधीच गेलेले पैसे वाचवण्यासाठी माणूस नवे घालतो. त्याऐवजी दोष दुरुस्त होणारा आहे की नाही, हे आधी ठरवावे. राहिलेली वारसाची सही, चुकलेली चतुःसीमा, न झालेली मोजणी हे दुरुस्त होते. संपादन झालेली किंवा निळ्या रेषेतली जमीन दुरुस्त होत नाही. तिथे पैसे परत मागणे हाच मार्ग.

500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा, आठांहून जास्त प्लॉटचा ले-आउट महारेरात नोंदवल्याशिवाय विकता येत नाही. नोंदणीकृत कराराशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कमही प्रवर्तकाला घेता येत नाही. ताबा वेळेत न मिळाल्यास कलम 18 खाली व्याजासह परतावा मागता येतो. मात्र आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे नाही; वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते आणि तिला वेळ लागतो.

शेतकऱ्याकडून थेट घेतले असेल तर दिवाणी न्यायालय. विक्रीपत्र करून मागण्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षे : करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून. ‘दिवाळीनंतर पाहू’ अशा तोंडी मुदतींत ही तीन वर्षे सहज निघून जातात, म्हणून पहिल्या टाळाटाळीलाच वकिलामार्फत नोटीस धाडावी. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार खरेदीदाराने स्वतः गैररीतीने माघार घेतली नसेल, तर दिलेल्या रकमेपुरता त्याचा त्या जमिनीवर बोजा राहतो. पण रोखीने, बिनपावतीचे दिलेले पैसे सिद्ध करणे अवघड.

तिसरा पर्याय म्हणजे दोषासह, कमी भावात विकून मोकळे होणे. त्यात दोष लपवता येत नाही. ज्याची माहिती विक्रेत्याला आहे आणि खरेदीदाराला साध्या चौकशीत कळणार नाही, असा मालकीतला वा मालमत्तेतला दोष सांगणे याच कलमाने विक्रेत्यावर बंधनकारक आहे. म्हणजे कालच्या खरेदीदाराला जी माहिती मिळाली नव्हती, ती आज त्याला नव्या विक्रीपत्रात स्वतःच लिहून द्यावी लागते.