मुकादम, गबाई आणि शिक्षक : केहीमकरांचे समाजकार्य

बेने इस्राएल समाजाच्या इतिहासाकडे आजवर मुख्यतः एकाच प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिले गेले : हे लोक कोकणात आले केव्हा? समाज चालविला कोणी, आणि तोही वेतन न घेता, हा प्रश्न त्यामानाने उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे उत्तर प्रथम समाजाच्या शब्दसंग्रहात शोधावे.

समाजाच्या प्रमुखास ‘मुकादम’ व त्याच्या साहाय्यकास ‘चौगुला’ म्हणत. हे दोन्ही शब्द मराठेशाहीतील गावकारभाराचे आहेत. मुकादम हा मुळात अरबी शब्द असून ‘पुढे केलेला’ असा त्याचा अर्थ. दप्तरांतून तो पाटलाचा पर्याय म्हणून येतो. तंटे तोडणारा तो ‘काजी’. याउलट खजिनदारास ‘गबाई’, प्रार्थना म्हणणाऱ्यास ‘हजान’ व मंदिराच्या सेवकास ‘शामाश’ ही नावे हिब्रू परंपरेतली. हा भेद यादृच्छिक नसावा. कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांत शनवार तेली म्हणून राहणाऱ्या या लोकांना प्रार्थनामंदिर नव्हते. सारे विधी घरोघर होत. कंपनीच्या फौजेतील अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात १७९६ साली पहिले मंदिर बांधले. मंदिर आले तेव्हा त्याचा निधी आला, आणि निधी सांभाळणाऱ्याचे नावही बाहेरून आले असे दिसते. मंदिराला मात्र लोक ‘मशीद’च म्हणत राहिले.

या पदांपैकी मुकादम, चौगुला व गबाई यांना वेतन नव्हते. मिळे तो मान, आणि मानाबरोबर भांडणे. एकोणिसाव्या शतकात मुंबईस आलेल्या कुटुंबांना लग्न, श्राद्ध व तंटे यांपलीकडची गरज भासू लागली, ती शाळेची. तोवर समाजातील मुले मुख्यत्वे मिशनऱ्यांच्या शाळांत शिकत. त्या उपकारांची नोंद अवश्य झाली पाहिजे, डॉ. जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण १८३२ इतके जुने आहे. परंतु धर्मशिक्षण परधर्मीयांकडून घेण्यातला संकोचही तितकाच खरा होता.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. त्यांचा जन्म १८३० चा. आडनाव अलिबागजवळच्या किहीम गावावरून आलेले. त्यांनी सहकाऱ्यांसह १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा काढली. इंग्रजी व मराठीबरोबर हिब्रू शिकविणे हा तिचा विशेष होता. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने पुढे तिला द्रव्यसाहाय्य दिले. १८९२ मध्ये ती माध्यमिक शाळा झाली आणि पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. शाळा काढणे एक वेळ सोपे. दरवर्षी वर्गणी मागणे, शिक्षक टिकविणे आणि परदेशी दात्यांना हिशेब समजावणे हे दीर्घ काळ करणे कठीण. जुन्या पदांच्या भाषेत सांगायचे तर येथे मुकादम व गबाई या दोघांचे काम एकत्र आले, आणि तेही मंदिराच्या बाहेर.

केहीमकरांचा दुसरा उद्योग म्हणजे समाजाचा इतिहास. बगदादी यहुद्यांपैकी काहींना बेने इस्राएलांच्या यहुदीपणाविषयी शंका होती. तिला उत्तर देणे हा ग्रंथाचा एक उघड हेतू. समाजात हनुका पाळत नसत, म्हणून पूर्वज मकाबींच्या उठावाआधी निघाले असले पाहिजेत, असा त्यांचा तर्क आहे. अभावावर उभारलेला हा तर्क आम्हांस दुबळा वाटतो. सण विसरताही येतो. परंतु याच निमित्ताने त्यांनी सणांची मराठी नावे नोंदली, हा लाभ तर्कापेक्षा मोठा मानावा लागेल. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, अनाशी ढाकण्याचा सण : यांपैकी एकही हिब्रू नावाचे भाषांतर नाही. स्वयंपाकघर व उंबरठा यांवरून ती पडली आहेत. पासोव्हरला ‘अनाशी ढाकण्याचा सण’ म्हणणाऱ्यांच्या मनात मिसरदेशातून झालेली सुटका नव्हती, आंबवणाचे झाकलेले मडके होते.

खेद एवढाच की हा ग्रंथ त्यांनी इंग्रजीत लिहिला. ज्यांना पटवायचे ते मराठी वाचणारे नव्हते, हे कारण समजण्यासारखे आहे. ज्यांच्याविषयी लिहिले ते मात्र तेव्हा हगादाही मराठी अर्थासह वाचत होते. मुंबईची शिळाछापाची प्रत १८४६ ची, पुण्याची सचित्र प्रत १८७४ ची.

लेखन १८९७ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा केहीमकर सदुसष्ट वर्षांचे होते. छापण्यास पैसा उभा राहिला नाही की इच्छा, ते असो. हस्तलिखित चाळीस वर्षे तसेच पडून राहिले. शेवटी इमॅन्युएल ओल्सव्हँगर यांच्या संपादनाखाली ते १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाले. पुढे त्याच्या वाचकांपैकी अनेकांची पावले त्याच दिशेने वळली.